जेवणाच्या टेबलावर गिअरबॉक्स

दिवाळीच्या आधी आपण व्हिडिओ कॉलवर बोलत होतो, तेव्हा माझ्या मागे पडवीतलं जेवणाचं टेबल दिसत होतं. धाकट्याने विचारलं, "आजी, तो मुकुट कोणाचा?" मी म्हणाले, नंतर सांगते. फोनवर पाच मिनिटांत सांगण्यासारखं ते नव्हतं, म्हणून आता नीट बसून लिहिते आहे. मुद्दाम मराठीत लिहिते, कारण चाचांचं बोलणं मला इंग्रजीत आणता येणार नाही. कुठे अडलात तर आईला विचारा.

तो मुकुट म्हणजे आजोबांच्या जीपच्या गिअरबॉक्समधली एक पितळी रिंग होती. तळहातावर मावेल एवढी, आणि कडेला खरंच मुकुटासारखे दाते.

ही जीप तुमच्या आईपेक्षा मोठी आहे. आजोबा मोहोपाड्याच्या एका रासायनिक कारखान्यात होते आणि मी त्याच कारखान्याच्या ग्रंथालयात. तिथल्या कॉलनीत ही जीप आमच्याकडे आली तेव्हाच ती जुनी होती. तुमची आई हिच्यावरच गाडी शिकली आणि शिकताना कॉलनीच्या वॉचमनची खुर्ची मोडली. वॉचमन नुकताच उठून चहाला गेला होता, म्हणून ती गोष्ट आम्ही अजून हसून सांगतो. निवृत्तीनंतर आम्ही कडावला घर बांधलं, तेव्हा फर्निचरच्या टेंपोमागून ही जीपही आली.

गेल्या पावसाळ्यात ती कुरकुरायला लागली. दुसऱ्या गिअरला खर्र खर्र आवाज, आणि चढावर गिअरचा दांडा आपला आपण उडी मारून बाहेर. आजोबांनी खालचं तेल काढून पाहिलं. काचेच्या बरणीत ते तेल उन्हात धरलं तर आत बारीक चकचकीत कण तरंगत होते. मला ते क्षणभर फार सुंदर दिसलं. आजोबा म्हणाले, "सुंदर काय? गिअर झिजून तेलात आलेत." पनवेलच्या एका गॅरेजवाल्याने सांगितलं की पूर्ण बॉक्स बदला, पण तसा बॉक्स आता मिळत नाही, तेव्हा गाडीच काढून टाका. आजोबा दोन दिवस जीपभोवती घुटमळत राहिले. मग चाचांकडे गेले.

चाचांना तुम्ही पाहिलेलं नाही. खालापूरला हमरस्त्यालगत त्यांची गॅरेजची शेड होती आणि ही जीप त्यांच्याशिवाय कोणी उघडली नाही. त्यांचे पूर्वज किनाऱ्याकडून व्यापारासाठी इकडे वर आले. चाचांना मात्र दुकानात बसणं कधी जमलं नाही. लहानपणापासून लोखंडात रमले. आजोबांना ते 'सायेब' म्हणतात आणि मला 'वैनी'. वयाने आमच्याहून दोन-तीन वर्षं मोठे असतील.

आता ती शेड नाही. तिथे त्यांचा मुलगा टायरचं काम करतो. दोन वर्षांपूर्वी चाचांच्या नजरेच्या मधोमध डाग पडायला लागले. त्यानंतर त्यांच्या हातून एका टेंपोच्या ब्रेकमधला एक भाग उलटा बसला. गाडी शेडच्या दारातच अडली, कोणाला काही झालं नाही, पण मुलगा घाबरला. त्याने काम बंद करायला लावलं. हत्यारांची लोखंडी पेटी तेवढी राहिली होती, आणि तीही तो ओळखीच्या एका मेकॅनिकला देणार होता. समोर पेटी असली की अब्बांचा हात तिकडे जातो, असं त्याचं म्हणणं. मला त्यात काही चूक वाटली नाही. मी त्याच्या जागी असते तर हेच केलं असतं.

आजोबा त्यांच्याकडे गेले त्याच दिवशी बाप-लेकात ठरलं. हा एक बॉक्स चाचांनी करायचा. जीप चढावर आवाज न करता चढली, तर पेटी राहील. नाही तर मुलगा ती त्याच आठवड्यात देऊन टाकेल. आजोबांनी घरी येऊन हे सांगितलं आणि म्हणाले, "जीप गेली तर गेली. पण त्या माणसाची पेटी जायला नको."

म्हणून आपलं टेबल पडवीत आलं, आणि शेजारी चाचांची पेटी. शेजारच्या दोघा शेतकऱ्यांनी हात लावला, जीपच्या पोटातून बॉक्स खाली उतरवला आणि टेबलावर चादरींच्या घड्यांवर ठेवला. जुन्या तेलाचा गंधकासारखा वास सगळ्या घरभर पसरला. मी नाकाला पदर लावून लांब उभी होते. चाचा हसले. "वैनी, ह्या वासानं भूक मरत नाय, नंतर लागती."

झाकण काढल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं आणि आत पाहायला सांगितलं. मी आयुष्यभर त्या जीपमध्ये बसले होते आणि तो दांडा पुढे-मागे होताना पाहिला होता. पण त्याच्या खाली काय आहे हे मला माहीत नव्हतं. काळ्या तेलात दोन शाफ्ट, एकावर एक, त्यातल्या वरच्याचे पुढचा आणि मागचा असे दोन तुकडे, आणि त्यांवर लहान-मोठी दातेरी चाकं एकमेकांत अडकलेली. चाचांनी पुढचा शाफ्ट बोटांनी फिरवला. सगळी चाकं फिरायला लागली, आणि मागचा शाफ्ट तसाच उभा.

"हे काय?" मी विचारलं.

"न्यूट्रल. समदी फिरतायत, पन कुनी कुनाला धरलेलं नाय."

मग त्यांनी आतली एक कडी बोटाने जरा सरकवली, अर्धा इंचसुद्धा नसेल. मागचा शाफ्ट सावकाश फिरायला लागला. दुसरीकडे सरकवली, तर वेगाने. शेवटी एक छोटंसं चाक मध्ये आणलं, आणि मागचा शाफ्ट उलटा फिरायला लागला. दोघांच्या मध्ये एक तिसरं चाक आलं की दिशा बदलते, एवढंच. मी त्यांना ते चार वेळा करायला लावलं. आजोबा म्हणाले, "इंजिनिअरशी लग्न करून इतकी वर्षं झाली, मला कधी विचारलं नाहीस." मी म्हटलं, "तुम्ही कधी झाकण काढलं नाहीत."

पुढचे तीन दिवस चाचा एकेक भाग काढत होते. मुलगा सकाळी रिक्षाने सोडून जायचा आणि संध्याकाळी घेऊन जायचा. मी जीपचं इंग्रजी मॅन्युअल काढलं होतं. कॉलनीत असताना मीच त्याला नवी बांधणी घातली होती. मी वाचून मराठीत सांगायची, चाचा ऐकायचे, आणि बहुतेक वेळा तोवर तो भाग त्यांच्या हातात आलेला असायचा. "पुस्तक बराबर बोलतंय," ते म्हणायचे, जणू पुस्तकाने त्यांच्याकडे उमेदवारी केली होती. प्रत्येक भाग काढला की ते त्याला काळपट दोऱ्याचा तुकडा बांधायचे आणि माझ्या स्टीलच्या थाळ्यांमध्ये ठेवायचे. मला वाटलं, तेल ठिबकू नये म्हणून काहीतरी असेल. मी विचारलं नाही.

मग आला शुक्रवार. शुक्रवारी नमाज असतो, चाचा येत नाहीत. आजोबा नवी बेअरिंगं आणायला पनवेलला गेले होते. घरात मी एकटी आणि समोर टेबलभर तेलकट लोखंड.

तुमच्या आईला विचारा, मला पसारा बघवत नाही. सगळे भाग डिझेलमध्ये धुवायचे आहेत असं चाचा आदल्या दिवशी म्हणालेच होते. म्हटलं, तेवढंच त्यांचं काम हलकं करू. मी हातमोजे घातले, प्रत्येक भाग धुतला, पुसला. पितळी रिंगा तर मी चिंच लावून समईसारख्या लखलखीत केल्या. ते ओशट दोरे कात्रीने कापून काढले आणि बाहेरच्या चुलीत घातले. छान पेटले. मग सगळं नीट मांडलं: रिंगांजवळ रिंगा, स्प्रिंगांजवळ स्प्रिंगा, वॉशर लहानापासून मोठ्यापर्यंत, गिअर उतरत्या क्रमाने. थाळ्यांवर चिठ्ठ्या लावल्या. त्याच दुपारी तुमचा कॉल आला होता. मुकुट म्हणूनच इतका चमकत होता.

शनिवारी सकाळी चाचा आले. टेबलाशी बसले, मान जराशी एका बाजूला कलती करून. त्यांनी पहिल्या थाळीत हात घातला. एक रिंग उचलली, बोटं तिच्याभोवती फिरली, थांबली. ठेवली. दुसरी उचलली. ठेवली. मग दुसऱ्या थाळीत हात गेला.

"वैनी, दोरं कुटं हायत?"

"ते काळे? काढून टाकले. तेलाने माखले होते, चुलीत घातले."

थाळीतल्या स्प्रिंगा त्यांच्या बोटांखाली किणकिणत होत्या. आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. "अगं, निदान एकदा विचारायचं!"

"तेलकट दोरे जपून ठेवायचे असतात हे मला कुठे माहीत?"

"सायेब, वैनीला बोलू नका," चाचा म्हणाले. "मी सांगितलं नव्हतं. प्रत्येक दोऱ्याला गाठी व्हत्या. पयल्या भागाला एक, दुसऱ्याला दोन. जिकडं इंजिन, तिकडच्या अंगाला दोरा. हात लावला की मला कळतं कुनाच्या मागनं कुनाचा नंबर, तोंड कुनीकडं."

"मग सांगायचं ना, चाचा."

"सांगितलं असतं तर तुमी म्हनला असता, म्हाताऱ्याला दिसत नाय."

मी हळूच विचारलं, "किती दिसतं?"

"कडंकडंचं दिसतं. मधी धुकं. आता तुमचं तोंड दिसत नाय मला. कान दिसतात." मग ते आजोबांकडे वळले. "सायबांचे कान मोठे हायत, लांबनं वळखायला बरे."

आजोबा हसले, मीही हसले. इतके दिवस ते माझ्याकडे बघून बोलत होते असं मला वाटत होतं. आणि ग्रंथालयात आयुष्य काढलेल्या बाईने काय केलं होतं, तर दुसऱ्याचा कॅटलॉग चुलीत घातला होता. वर सगळी पुस्तकं रंगानुसार लावून ठेवली होती.

"एकासारखं एक दिसलं म्हणून मी एकत्र ठेवलं," मी म्हणाले.

"एकासारखं एक नसतंय, वैनी. इतकी वर्सं एकमेकावर घासून घासून ती जोडीची झालीत."

आजोबा म्हणाले, आपण मुलाला सांगू की चूक आमची आहे. चाचांनी मान हलवली. "त्याला कुनाची चूक ते नको हाय. त्याला चढावर गाडी ऐकायचीय." मग एक रिंग नाकाशी नेली. "चिंच लावली काय?"

"हो."

"बरं झालं, आमटी नाय केली." त्यांनी नखाने रिंगेच्या आतल्या बारीक रेघा तपासल्या. "शाबूत हायत. बसा समोर. मी मागीन ते द्या."

तिथून पुढे जे झालं, ते सांगण्यासाठीच मी हे सगळं लिहिते आहे.

आधी रिंगेचं काम सांगते, म्हणजे तुम्हाला कळेल. गिअर बदलताना दोन चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरत असतात. एकदम भिडली तर दात तुटतील. म्हणून मध्ये ही पितळी रिंग असते. ती आधी चाकाच्या उतरत्या कडेला धरते, दोघांचा वेग एक करते, मग त्यांना एकमेकांत जाऊ देते. रिंगा दोन होत्या, दिसायला अगदी सारख्या. एक दुसऱ्या गिअरची, एक तिसऱ्याची. मॅन्युअलमध्येही दोघींना एकच नंबर होता.

चाचांनी दुसऱ्या गिअरचं चाक मांडीवर घेतलं. एक रिंग त्या चाकावर बसवली, दाबली, फिरवली. डोळे मिटले होते. "हिचं घर ह्ये नाय." दुसरी बसवली, दाबली, फिरवली. "ही आली घरला."

"कशावरून?"

त्यांनी ते चाक आणि दोन्ही रिंगा माझ्या हातात दिल्या. चुकीची रिंग दाबून फिरवली तर घसरत होती, ओल्या साबणासारखी. बरोबरची दाबली, आणि ती फिरेना. मी दोन्ही हातांनी जोर लावला, तरी तिने धरून ठेवलं. मला त्या लहानशा पितळेचा धाक वाटला. कितीदा आजोबांनी दांडा ओढला असेल, आणि दर वेळी हिने याच चाकाला धरलं असेल. ते पितळेत कुठेतरी नोंदलेलं होतं, आणि वाचता येत होतं. फक्त डोळ्यांनी नाही.

मग ती कडी, जी सरकवली की गिअर बदलतो. ती आतल्या एका दातेरी चाकावरून सरकते. वाटेल तशी बसवली तरी बसते, पण अडखळते. मूळ जागी बसवली तरच मोकळी चालते, आणि मूळ जागा सांगणारा दोरा तर राख झालेला. चाचा एक दाता सरकवून बसवायचे, खालीवर करून बघायचे, काढायचे. पुन्हा एक दाता. मी खडूने खुणा करत होते, म्हणजे तोच दाता पुन्हा यायला नको. किती वेळ गेला कोण जाणे. चहा आला, त्यावर साय धरली. आजोबा कंटाळून कुंडीतल्या तुळशीला दुसऱ्यांदा पाणी घालून आले.

आणि मग एकदा चाचांनी कडी वर धरली आणि नुसती सोडली. ती आपल्या वजनाने खाली उतरली. जराही आवाज नाही. पाण्यात भांडं बुडावं तशी.

चाचांनी ती उचलून पुन्हा सोडली. मग आमच्यासाठी आणखी एकदा.

"वैनी," ते म्हणाले, "ह्याला आता तुमचा दोरा बांधा. सोळा गाठी." मी शिवणाच्या डब्यातला पांढरा दोरा आणला. सोळा गाठी मारल्या. त्यांनी बोटांनी मोजल्या आणि म्हणाले, "पंधरा हायत." मी पाहिलं, पंधराच होत्या.

सोमवारी खालचा शाफ्ट. त्याच्या दोन्ही टोकांना सुयांसारख्या बारीक सळयांची बेअरिंगं असतात. त्या सळया सुट्या असतात, एकेक ग्रीसने आतून चिकटवायची. पण शाफ्ट आत सरकवताना एक जरी पडली तर सगळं पुन्हा. चाचांनी त्यासाठी आमच्या दिवाणखान्यातल्या पडद्याचा लाकडी दांडा मागितला. आजोबांनी तो कापला, घासून नेमका शाफ्टच्या जाडीला आणला. तो सळयांच्या मध्ये घातला, की त्या जागच्या जागी उभ्या राहतात. मग खरा शाफ्ट एका बाजूने सरकवायचा, आणि दांडा दुसऱ्या बाजूने बाहेर येतो. एक आत येतो तसा दुसरा जातो, मध्ये कुठे फट नाही. दांड्याचं टोक माझ्या हातात हळूहळू येत होतं आणि मी श्वास धरून बसले होते. एकही सळई पडली नाही.

संध्याकाळपर्यंत बॉक्स बंद झाला. चाचांनी पुढचा शाफ्ट हाताने फिरवला. मला काही ऐकू आलं नाही. आजोबांनाही नाही. चाचांनी तळवा बॉक्सच्या पाठीवर ठेवला, जसा डॉक्टर मुलाच्या पाठीवर ठेवतो, आणि पुन्हा फिरवला.

"नाय. काढा."

"अहो चाचा," आजोबा म्हणाले, "एवढंसं घासत असेल, चालता चालता बसेल."

"सायेब, ह्याच्यावर माजी पेटी हाय."

दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळं उघडलं. चाचांना एवढं कळत होतं की खालचा शाफ्ट कुठेतरी दाबला जातोय. पण कशाने, ते हाताला लागत नव्हतं. तिथे मला पुस्तक उपयोगी पडलं. मी आकृतीवर भिंग धरलं. दोन्ही टोकांना जे वॉशर असतात, त्यांत पुढचा पितळ लावलेला होता आणि मागचा साधा. इतक्या वर्षांत पितळेची बाजू काळी पडून दोन्ही सारखेच दिसत होते, झिजून सारखेच लागत होते, आणि मी तर ते आकाराप्रमाणे रांगेत लावले होते. मी मागच्या टोकाला बसवलेला वॉशर उन्हात नेऊन काचपेपरने कडेला जरासा घासला. पिवळा निघाला.

"चाचा, पुढचा मागे गेला होता."

चाचांनी तो माझ्या हातातून घेतला, अंगठ्याखाली फिरवला. "बघा," ते आजोबांना म्हणाले, "वैनीचे डोळे, माजा हात. तुमी काय करता?"

"मी पनवेलला जातो," आजोबा म्हणाले.

पुन्हा पडद्याचा दांडा, पुन्हा सळया, पुन्हा श्वास धरणं. या वेळी शाफ्ट किती हलतो ते मोजायला मी चाचांच्या पेटीतल्या मापाच्या पातळ पोलादी पट्ट्या काढल्या. चाचांनी शाफ्ट बोटांनी पुढे-मागे ढकलला आणि म्हणाले, "दोन केसांएवढं." पट्टी घालून पाहिली, तर पुस्तकात दिलेल्या मापात अगदी नेमकं बसत होतं. मी पुन्हा मोजलं. तेच आलं.

बॉक्स जीपमध्ये चढला त्या दिवशी मुलगा रिक्षा घेऊन सकाळीच आला. पळसदरीच्या रस्त्याला धरणाकडे जाताना एक चढ आहे, तिथे बघायचं ठरलं. आजोबा चावी घेऊन निघाले, तर चाचा म्हणाले, "सायेब, तुमी नको. वैनी चालवतील."

"मी? मी कित्येक वर्षं जीप चालवलेली नाही!"

"सायबांचा हात जड हाय. ते गिअर टाकत नायत, ढकलतात. तुमी आतलं समदं बघितलंय. तुमाला म्हाईत हाय तितं कोन वाट बघतंय."

आजोबा काहीतरी पुटपुटत मागच्या बाकावर जाऊन बसले. चाचा माझ्या शेजारी. त्यांनी हात दांड्याच्या मुळाशी, नुसता टेकवून ठेवला. मुलगा म्हणाला, मी पुढे जाऊन चढाच्या मध्यावर थांबतो. तिथे तो रिक्षा बंद करून रस्त्याकडेला उभा राहिला, हाताची घडी घालून.

रस्त्याला दोन्हीकडे कापलेल्या भाताचे भारे होते. सपाटीवर मी तिसऱ्यात होते, आणि कशाचाच आवाज नव्हता, फक्त इंजिनचा. चढ लागला. इंजिन दमायला लागलं. मी क्लच दाबला आणि दांडा दुसऱ्याकडे नेला. तेव्हा मला हातात ते जाणवलं. एक अगदी क्षणाचं थांबणं. कोणीतरी धरतं, वेग जुळवून घेतं, आणि मग वाट देतं. आयुष्यभर शेजारच्या सीटवर बसून ज्याला मी नुसता खटका समजत होते, ते हे होतं. माझ्या डोळ्यांसमोर ती चिंचेने घासलेली रिंग आली.

दांडा आत गेला. मी क्लच सोडला. चढ संपेपर्यंत तो तिथेच राहिला. मुलाच्या शेजारून आम्ही गेलो तेव्हा त्याने मान खाली घातलेली दिसली. तो ऐकत होता. नेमका बापासारखा, मान एका बाजूला कलती करून.

"पुन्ना," चाचा म्हणाले. आम्ही वळलो, खाली गेलो, पुन्हा चढलो. तीनदा. तिसऱ्यांदा मी मुलाजवळ गाडी थांबवली. इंजिन बंद केलं.

मुलगा चाचांच्या बाजूला आला. "अब्बा, कडावच्या पडवीत ठेवलेली पेटी," तो म्हणाला, "ती घरी नेऊ, का तिथंच राहू दे?"

चाचांनी दांड्यावरचा हात काढला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. मग म्हणाले, "तितंच राहू दे. वैनीच्या थाळ्या तितं हायत."

"पन एकट्यानं नाय उघडायचं काय," मुलगा म्हणाला. "वैनी समोर पायजेत."

"एकट्यानं कोन करतंय? पुस्तक कोन वाचनार?"

तर पेटी अजून आपल्या पडवीत आहे. टेबल आत आणलं, पण त्यावर तेलाचा एक गोल डाग राहिला आहे, आणि तो मी घासलेला नाही. आईला हे सांगा, तिचा विश्वास बसणार नाही. गेल्या आठवड्यात चाचांचा मुलगाच एका जुन्या टेंपोचा बॉक्स रिक्षात घालून घेऊन आला. आता दोरे मी बांधते. पांढरे, स्वच्छ, शिवणाच्या डब्यातले. चाचा प्रत्येक गाठ बोटांनी तपासतात, अर्ध्याहून अधिक सोडवतात आणि पुन्हा मारतात.

"वैनी, तुमची गाठ सैल पडती," ते म्हणतात. "तेलात सुटल."

मी आता शिकते आहे.